बेडकीवाला तारदी

ओनेझिम तारदी गेल्या आठवड्यात मेला. मी मयताला गेलो नाही. गावातलंही फारसं कुणी गेलं नाही. पाद्री, त्याची म्हातारी बहीण आणि पेटी उचलायला चार माणसं, बस्स. तीस वर्षं ज्याला वाळीत टाकलं, त्याच्या मयताला जाऊन गळे काढायचे कशाला?

तो पिंपं करायचा. द्राक्षमळ्यांच्या गावात पिंपवाल्याला मान असतो, आणि युद्धाआधी तो त्यालाही होता. ओकच्या फळ्या विस्तवावर अशा वाकवायचा की वाइनचा थेंब गळायचा नाही. माणूस मला कधीच आवडला नाही, पण त्याच्या हाताबद्दल खोटं बोलणार नाही.

पहिल्या महायुद्धात, एकोणीसशे पंधराच्या ऑक्टोबरात आमची फ्रेंच पलटण आर्गोनच्या जंगलात खंदकात होती. जंगल कसलं, जळकी खुंटं. जर्मन चाळीस पावलांवर. त्यांचा खोकलाही ऐकू यायचा. मी, माझा धाकटा भाऊ लिओन्स आणि आमच्याच भागातली माणसं. बंदुकीचं काही वाटेनासं झालं होतं. धास्ती होती ती यंत्रांची, आणि सगळ्यांत जास्त राग होता आमच्याच एका यंत्राचा. आखूड, बसकी तोफ. आम्ही तिला बेडकी म्हणायचो. तिचे लोक मागून यायचे, पंखवाले चार-पाच बाँब हवेत उडवायचे आणि सामान आवरून पसार व्हायचे. मग जर्मन उत्तर द्यायचे, आणि ते खायला आम्ही होतोच. म्हणून बेडकीवाल्यांशी बोलायचं नाही, त्यांना शेकोटीपाशी जागा द्यायची नाही, असा आमचा नेम होता.

दुसरा नेम अकरा ते साडेअकराचा. त्या वेळात दोन्हीकडची जेवण आणणारी माणसं मागून यायची. शेवटची दोनशे पावलं वाट उघडी. गळ्यात दोरीत ओवलेली पावांची माळ, हातात सूपचे डबे, पळणार तरी कसं? तेवढा अर्धा तास त्यांनी आमच्या माणसांवर गोळी झाडायची नाही, आम्ही त्यांच्या. हे कुणी लिहून दिलं नव्हतं. साहेबांच्या कानावर गेलं असतं तर आम्हाला कोर्टात उभं केलं असतं, म्हणून आपसातच होतं.

त्या सकाळी बेडकी घेऊन आला तो ओनेझिम. मी पहाऱ्यावर होतो.

"बास्तियाँ! अरे, तू इथं? गावाकडची काय खबर?"

मी पाठ फिरवली. तो तिथंच घुटमळला.

"दुपारच्या आत चार टाकायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "वेळ माझ्यावर सोडलीय. तुम्हाला कमीत कमी त्रास होईल अशी वेळ सांग की राव."

"जर्मनांना जाऊन विचार," मी म्हणालो. "त्यांना तुझी लई काळजी!"

माणसं फिदीफिदी हसली. आमचा नाईक प्रोस्पेर ओरडला, "आणि जाताना बेडकीपण ने, सोड कुठल्यातरी डबक्यात!"

ओनेझिम तोंड पाडून पुढच्या वळणाआड गेला. लिओन्स नऊलाच जेवण आणायला मागं गेला होता, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, अकराला अवकाश आहे. तोवर हा टाकून मोकळा होईल, नाहीतर अकराच्या नेमाचं त्याला सांगेल कुणीतरी. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बेडकी खोकली. मी ओरडत धावलो. खंदकात गुडघाभर चिखल, वळणावर वळण. मी पोचलो तेव्हा चौथा बाँब नळीतून सुटला होता. दोन मिनिटांत उत्तर आलं, ते थेट उघड्या वाटेवर. बोली आम्ही मोडली होती, त्यांनी का पाळावी? लिओन्सला मी ओळखलं ते बुटांवरून. त्याच्या माळेतले दोन पाव शाबूत राहिले होते. आम्ही ते चिखल पुसून खाल्ले. मीही खाल्ला.

प्रोस्पेरनं गावी पत्र धाडलं: तारदीनं जेवणाच्या वेळेला गोळे टाकले, म्हणून लिओन्स गेला. गावाला तेवढं पुरलं. युद्ध संपून ओनेझिम एका कानानं बहिरा होऊन परतला, तर त्याची पिंपं कुणी घेईना. लोक पिंपांसाठी गाडी जुंपून चार तासांवर जाऊ लागले. पहिली गाडी मी जुंपली होती.

परतला त्याच हिवाळ्यात एका रविवारी प्रार्थनेनंतर तो आमच्या दारात उभा राहिला, टोपी हातात धरून. आई चुलीपाशी कांदे सोलत होती. मी टेबलाशी बसलो होतो.

"काकू, मला वाटलं अकराला सगळे खाली बसून जेवत असतील," तो म्हणाला. "उत्तर आलं तरी उघड्यावर कुणी सापडणार नाही. म्हणून ती वेळ धरली."

"तुला वाटलं!" आई सुरीसकट उठली. "अरे मेल्या, माझी दोन पोरं होती तिथं. एकाला तरी विचारायचंस!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बोलू शकलो असतो. माझी वाचा बसली नव्हती की काही नाही. मला बोलायचंच नव्हतं.

"चुकलं, काकू," तो म्हणाला. "नाही विचारलं मी कुणाला."

त्यानं मला वाचवलं. त्या बाँबसाठी मी त्याचा जेवढा द्वेष केला, त्याहून जास्त या एका वाक्यासाठी केला, आणि तो मेल्यावरही ओसरलेला नाही.

"चालता हो," आई म्हणाली. "या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस."

तिनं त्याच्या तोंडावर दार ढकललं. ती पुन्हा कांद्यांकडे वळली. कडी मी घातली.