भिंतीवरचे आमदार

आज बाल्कनीतल्या कुंड्यांना गेरू लावायला घेतला आणि त्या ओल्या वासासरशी मी लहानपणीच्या वस्तीत, परदेशीपुऱ्यात, बंद पडलेल्या मिलच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

बाबांनी त्या भिंतीवर गेरूने व्यंगचित्र काढलं होतं. मजुरांच्या खांद्यांवर बसलेले आमदार डोळ्यांना दुर्बीण लावून दूरवर मजुरांनाच शोधताहेत. मिलला कुलूप लागल्यापासून आमदार वस्तीत फिरकले नव्हते. चित्राची बातमी कानावर गेली तशी मात्र त्यांची जीप आली. वस्ती गोळा झाली. बाबा हातात ब्रश घेऊन ताठ उभे राहिले.

आमदारांनी चित्र पाहिलं आणि ते पोट धरून हसले. "वा भिया, नाक तो हूबहू बनाई है!" बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी फोटो काढवून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिलचा विषय कुणी काढलाच नाही. जीप गेली.

मला वाटलं, बाबांचा केवढा मान झाला! घरी आईनेही हौसेने विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

बाबा उरलेला गेरू मोरीत ओतत होते. परत त्यांनी तो कधीच कालवला नाही.

"हसून गेला ग," ते म्हणाले. "नाराज झाला असता, तर समजलो असतो, आम्ही दिसलो त्याला."