कागदी द्रोण

बाळापूरच्या आठवडी बाजारात एक बाई पळसाच्या पानांचे द्रोण विकायला बसतात. नाव मी कधी विचारलं नाही, सगळेच मावशी म्हणतात. प्रत्येक पान आधी उन्हाकडे धरून पाहतात, बारीकसं छिद्र दिसलं तरी बाजूला टाकतात, मगच काडी टोचतात.

आमच्या गटाचं प्लास्टिकविरुद्धचं पत्रक त्यांना दिलं, तेव्हा वाटलं होतं, या तरी खूश होतील. त्यांनी मलाच वाचायला लावलं. "प्लास्टिक सोडा, कागदी द्रोण वापरा," मी जोरात वाचलं.

"असं हाय का! तरीच तो समोरचा पोहेवाला माहे द्रोण सोडून कागदावर गेला. तुयं पत्रक गाडीवर टांगलं न त्यानं!"

"पण मावशी, कागद तर चांगलाच ना?"

त्यांनी पोहेवाल्याकडचा एक वापरलेला कागदी द्रोण उचलला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि आतून नखानं प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सोलून माझ्या हातावर ठेवला.

"निरा कागदच असता, त पोह्यावरचा रस्सा गळला असता. येवढा शिकला बावा, अन् हे नाई समजलं?"

एवढं बोलून त्या पुढचं पान उन्हाकडे धरून पाहू लागल्या. दुकानदारांवर ओरडत फिरणारे आम्ही; आमच्यापैकी एकानंही तो द्रोण पाण्यात बुडवून पाहिला नव्हता. याचा संताप मला अजून येतो.

उरलेल्या पत्रकांवरची ती ओळ मी तिथंच बसून खोडली. मग वाटलेली पत्रकं परत मागायला निघालो, सगळ्यांत आधी पोहेवाल्याकडे.