एक्केचाळिसावी नळी

जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या बाईंचं खरं नाव फार कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना नळीकाकू म्हणायचे. रक्ताची नळी चिमटीत धरायची, खिडकीच्या उजेडात न्यायची, एक डोळा मिटायचा आणि बघत उभं राहायचं, ही त्यांची एकतीस वर्षांची सवय. यंत्रातून आकडा बाहेर यायच्या आधीच काकूंचं निम्मं निदान झालेलं असायचं. पण तोंडातून चकार शब्द नाही. निदान डॉक्टरांनी करायचं असा नियम होता, आणि काकू नियमाच्या पक्क्या. फक्त डॉक्टर चुकायला लागले की त्यांना खोकला यायचा.

नवे डॉक्टर आले त्याच आठवड्यात त्यांना हा खोकला कळला. एका घोड्याच्या रक्तावरचं पिवळं पाणी बघून ते धावत खोलीत आले. "काकू, कावीळ झालीय याला! केवढं पिवळं!" काकू खोकल्या. मग म्हणाल्या, "घोड्याचं असंच असतं हो. माणसाचं असं असतं तर मीही धावले असते. बसा, पाणी प्या." डॉक्टर हसले, बसले, आणि त्या दिवसापासून रोज काहीतरी विचारायला येऊ लागले. गुणी पोरगा. काकूंनी त्यांना सांगितलं की घोडा सुईला बिचकला, नाचला, की त्याच्या पोटात साठवलेलं रक्त अंगात धावतं आणि लाल पेशींचा आकडा उगाच फुगतो. म्हणून आधी बाहेर जायचं, जनावर कसं उभं आहे ते डोळ्यांनी बघायचं, मग आत येऊन आकडा वाचायचा. न बघितलेल्या जनावराचा आकडा म्हणजे नुसती शाई, असं त्या म्हणायच्या.

पण काकूंचा खरा जीव होता तो गाढवांत. आता हसा! त्यांचे यजमानही हसायचे. "लोक रविवारी बायकोला घेऊन फिरायला जातात, माझी बायको गाढवांच्या मागे जाते, आणि मला डबा धरायला नेते." गोष्ट अशी की भिंतीवर तक्ता होता तो घोड्याचा. गाढव आलं तरी त्याच तक्त्यावर बोट ठेवायचं. काकूंना ते पहिल्यापासून खटकायचं. गाढव म्हणजे काय लांब कानांचा घोडा आहे? तेव्हा त्या सुट्टीच्या दिवशी वीटभट्ट्यांवर, दगडाच्या खाणींवर जायच्या, धडधाकट गाढवांचं रक्त मालकाला विचारून घ्यायच्या, आणि वहीत उतरवायच्या. सहा वर्षांत एकशे बारा गाढवं झाली, आणि भट्ट्यांवरचे लोक काकूंना त्या वहीवरून ओळखू लागले. त्यावरून त्यांनी गाढवांचा वेगळा तक्ता हाताने लिहिला आणि कपाटाच्या दाराला डकवला.

गाढवांच्या मागे हिंडून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. घोड्याचं पोट दुखलं तर तो लोळतो, लाथा झाडतो, दहा माणसं गोळा करतो. गाढव मुकाट उभं राहतं. अंगातलं पाणी आटत जातं तरी आकडा हलत नाही, आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते. नळीतलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. मग यकृत निकामी होतं, आणि हातात उरतात ते मोजके दिवस. हे काकूंइतकं त्या दवाखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर पुढचं जे झालं ते त्यांच्या जिवाला लागलं.

सोमवार होता. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेतले चाळीस घोडे वार्षिक तपासणीला आले होते. चाळीस नळ्या एका ट्रेमध्ये. काकूंचा गुडघा सकाळपासून ठणकत होता. अंगणापर्यंत जायचं म्हणजे सात पायऱ्या. शाळेचे घोडे तर दरवर्षी बघतो, त्यात काय बघायचं, असं म्हणून काकू उठल्या नाहीत. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. त्याच सकाळी एक विटा वाहणारा त्याची गाढवीण घेऊन आला होता. ती नीट खात नव्हती. डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं आणि नळी त्याच ट्रेच्या टोकाला ठेवली. चिठ्ठीवर नंबर होता, जात लिहायची राहिली.

छत्तीस, अडतीस, एकोणचाळीस, सदतीस. काकू वाचत गेल्या, सह्या करत गेल्या. एक्केचाळिसाव्या नळीत शंभराला चाळीस भाग लाल. घोड्याला अगदी उत्तम. वरचं पाणी जरा गढूळ दिसलं. 'शाळेतले घोडे, खाऊन आलेत भरपेट,' असं मनाशी म्हणून काकूंनी 'ठीक' लिहिलं आणि चहा मागवला. ट्रेमध्ये नळ्या चाळीस हव्यात की एक्केचाळीस, हे मोजायचंही त्यांना सुचलं नाही. डॉक्टरांनी कागद बघितला, भुकेची पूड दिली आणि विटावाल्याला घरी पाठवलं.

गुरुवारी सकाळी विटावाला पुन्हा आला. या वेळी काकू अंगणातच होत्या. गाढवीण मान खाली घालून उभी होती, कान बाजूला पडलेले. विटावाला पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. "तोंड घालते हो गव्हाणीत," तो म्हणाला. "पण भुसा कमी होत नाही. सोमवारीही असंच होतं. तुम्ही ठीक आहे म्हणालात, म्हणून मी थांबलो."

"सोमवारी?" काकू म्हणाल्या.

"हो. घोड्यांची गर्दी होती ना, त्या दिवशी."

 काकू गुडघा विसरून पायऱ्या चढल्या. आठवडाभराच्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असा नियम होता. एक्केचाळिसावी नळी सापडली. तीन दिवस स्थिर राहून वर सायीसारखा पांढरा थर आला होता. आज घेतलेल्या रक्ताची नळी यंत्रात फिरवून बघितली, तर थर वगैरे काही नाही, सगळंच पांढरं. काकू स्टुलावर बसल्या, आणि तिथूनच त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

मग धावपळ झाली. सलाईन लावलं. नाकातून नळी घालून पातळ पेज पोटात सोडली. तोंड उघडून बघितलं तर मागच्या दाढेच्या मुळाशी गळू. बस, एवढंच होतं! दाढ दुखत होती म्हणून बिचारीने खाणं सोडलं, आणि खाणं सोडलं म्हणून हे सगळं. सोमवारी कळलं असतं तर दाढ काढून चार दिवस पेज पाजली असती, संपलं असतं. डॉक्टरांनी दोन्ही नळ्या बघितल्या आणि दार लोटून घेतलं.

"काकू, जात मी लिहिली नाही. चूक माझी आहे."

"तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. बघायला उतरले नाही. पांढरं दिसलं तेही डोळ्यांआड केलं."

"त्याला यातलं काही कळणार नाही. उगाच जखमेवर मीठ कशाला?"

या वेळी काकूंना खोकला आला नाही.

संध्याकाळी घरी पानावर बसल्या त्या नुसतं चिवडत राहिल्या. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक बघायची सवय. "आज दवाखान्यात काय झालं?" त्यांनी विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं. वहीतल्या एकशे बारा गाढवांचं सांगितलं आणि रडल्या. "एवढं सगळं केलं, तक्ता माझ्या हाताने लिहिला, आणि तो माझ्या पाठीमागे असताना मी तिला घोडा म्हणून वाचलं! त्या माणसाच्या पोटावर पाय दिला हो मी."

यजमानांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "सांगायचं की नाही, हे विचारतेयस का मला?"

"नाही."

"मग जेव. उद्या उभं राहावं लागेल."

शुक्रवारी दहाच्या सुमाराला गाढवीण गेली. आदल्या दुपारी खाली बसली होती ती पुन्हा उठलीच नाही. विटावाला तिच्या डोक्यापाशी उकिडवा बसून होता. त्याने तिच्या गळ्यातली दोरी सोडली, गुंडाळली, आणि वर न बघता विचारलं, "साहेब, मी सोमवारी आणली होती. तेव्हा काहीच नव्हतं का हिला? की मीच काही वेडंवाकडं खायला घातलं नंतर?"

"तेव्हा रक्त ठीक होतं," डॉक्टर हलकेच म्हणाले.

"नव्हतं," काकू म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. काकू विटावाल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सोमवारीच रक्तात दिसत होतं. मी घोड्याचं समजून वाचलं. उतरून बघितलं असतं तर कळलं असतं. सोमवारी उपचार झाले असते तर बहुतेक जगली असती. तुम्ही काही चुकला नाहीत. वेळेवर आणलीत. मी चुकले."

 विटावाला ओरडला नाही, त्याने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं. शेवटी तो उठला, कपड्यांवरची धूळ झटकली आणि फाटकाकडे चालायला लागला.

"ऐका," काकू मागून गेल्या. "घरी दुसरी आहे ना हिच्या जोडीची?"

तो थांबला. "नऊ वर्षं एकत्र आहेत."

"तिला इथे आणा. हिला न्यायच्या आधी. तिने हिला हुंगलं पाहिजे, नाहीतर ती शोधत राहील. शोधत राहिली तर तीही खाणं सोडेल. माझ्यावर राग धरा, पण एवढं ऐका."

त्याने दोरी खांद्यावर टाकली आणि फाटक उघडलं. गेला.

डॉक्टरांनी उचलायला आलेली गाडी परत पाठवली. काकू अंगणातल्या बाकावर बसल्या. आत नळ्या साठल्या होत्या, कोणी बोलवायला आलं नाही. एक वाजला, दोन वाजले. येणार नाही, कशाला येईल, आपण असतो तर आलो असतो का, असं काकू स्वतःशी म्हणत होत्या.

अडीचच्या सुमाराला तो आला. सोबत करड्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाढवीण. त्याने तिला मोकळं सोडलं. ती आडव्या पडलेल्या जोडीदारिणीपाशी गेली, मान हुंगली, कान हुंगले, नाकाने दोनदा ढकललं. मग तशीच उभी राहिली. अर्धा तास कोणीही हललं नाही. नंतर ती आपणहून वळली, भिंतीकडेला उगवलेल्या गवताशी गेली आणि खायला लागली. खरंच खात होती. काकूंनी जवळ जाऊन गवत तुटताना बघितलं, तेव्हा कुठे त्यांना श्वास आला.

विटावाल्याने गाढविणीला धरून काकूंसमोर आणलं. तिचं डोकं काखेत घेतलं, मान वर केली आणि मानेवरचे केस अंगठ्याने बाजूला सारले.

"हिचं रक्त घ्या," तो म्हणाला. "आजच घ्या, चांगली आहे तोवर. आणि तुमच्या वहीत लिहून ठेवा."

"डॉक्टर घेतील," काकू कशाबशा म्हणाल्या. "माझा हात थरथरतोय."

"थांबतो मी," तो म्हणाला. "पण तुम्हीच घ्या."