खिडकीचा मूळ रंग

उत्तनला समुद्राकाठी नऊ जुनी कॉटेजं आहेत. दक्षिण मुंबईतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मे महिन्यात तिथे राहायला येतात. त्यांचं रंगकाम बाबांना मिळणार होतं, पण एका अटीवर. आधी एका खिडकीवर जुना रंग जुळवून दाखवायचा. जुळला तर नऊच्या नऊ, नाहीतर पुन्हा मीरा रोडचे फ्लॅट आणि पांढरा डिस्टेंपर. बाबांना आयुष्यात एकदा तरी असं जुन्या सागवानाचं काम करायचं होतं.

मी मदतीला गेले, म्हणजे मतं घेऊन गेले. बाबांच्या कामगार संघटनेची पत्रकं आमच्या पलंगाखाली असत. बाराखडीनंतर मी थेट तीच वाचली. वरच्या रंगरंगोटीला भुलू नका, मुळाशी जा, असं त्यांत पानोपानी असे. बाबा हिरवा रंग मिसळत होते तोवर मी पत्तीने खिडकीचा कोपरा खरवडला. हिरव्याखाली तपकिरी, आणि अगदी लाकडाला चिकटून गुलाबी. इतकी वर्षं दडपलेलं सत्य!

बाबा चहाला गेले आणि नेमक्या तेव्हाच कॉटेजवाल्यांच्या कमिटीच्या बाई पाहणीला आल्या. मी भाषण ठोकलं. हिरवा नंतर लादलेला आहे, ही घरं मुळात गुलाबी होती, इतिहासाशी तडजोड होणार नाही. श्रोता एकच होता, तरी मूठ वळली होती.

"पण माझ्या आजीच्या फोटोत खिडक्या डार्क दिसतात," बाई म्हणाल्या.

"ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर विसंबू नका," मी त्यांना बजावलं.

तेवढ्यात बाबा आले. कोपरा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं ए विद्वान, तो प्रायमर आहे! कोऱ्या लाकडाला आधी लावतात तो. रंगाऱ्याच्या घरात वाढलीस ना तू?"

"म्हणजे पहिला रंग तपकिरी?" बाईंनी विचारलं.

बाबांचा हिरवा डबा भरून तयार होता. तरी ते म्हणाले, "हो बाई. खरं सांगायचं तर तपकिरी."

बाईंनी खिडकीच्या हिरव्यावरून बोट फिरवलं. "मला लहानपणापासून हिरव्याच आठवतात. हिरव्याच करा. सगळ्या."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्या हातात पॉलिशपेपर कोंबला. "खरवडलंयस ते घास आधी. आणि तोंड मीट, धूळ जाईल."