जळगावला नको, धुळ्याला

पुण्याच्या गाडीत मला बसवताना आबा अमळनेरच्या स्टँडवर म्हणाले होते, "अन्यायापुढे मान खाली घालू नको." आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, त्यामुळे निरोपसुद्धा घोषणेसारखा. धाकटी मयूरी खिडकीखाली नुसती उभी होती. तेव्हा ती नववीत होती.

आता अकरावीत आहे. दिवाळीपासून ती नीट झोपत नव्हती, जेवत नव्हती. कॉलेजची वेळ झाली की हातपाय गार पडायचे. मी फोन करायचे, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर. आईच अहिराणीत उत्तर द्यायची, "बठ्ठं बेस शे." म्हणजे सगळं छान आहे. मग एकदा मैत्रिणीच्या मोबाइलवरून मयूरीचा मेसेज आला, "ताई, मला सगळं नकोसं झालंय." मी रजा टाकून तशीच निघाले.

जळगावच्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेऊ, म्हटलं. आई दचकली. "जळगावले बठ्ठा वळखतस. उद्या पोरनं लगन करानं शे." मला वाटलं, आता आबा कडाडतील. अंगारेधुपाऱ्यांविरुद्ध चौकाचौकात बोललेला माणूस! ते हळूच म्हणाले, "धुळ्याला जाऊ." भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. निदान जाऊ तरी.

दवाखान्यात आबा तोंडाला रुमाल बांधून बसले. समोरच्या बाकावर आमच्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या शबानाखाला, शेजारी त्यांचा दहावीतला आसिफ.

"भाऊ, तुम्ही इकडे?"

"साड्या घ्यायला आलो," आई घाईने म्हणाली.

"आम्हीपण कापडच घ्यायला." खालांनी फाइल ओढणीखाली सरकवली आणि त्यांनाच हसू फुटलं. "रुमाल सोडा हो भाऊ, जीव घुसमटेल."

आबांनी रुमाल सोडला. मान खालीच.

तिकडे मयूरी आसिफला विचारत होती, "तुलापण झोप येत नाही?" कितीतरी महिन्यांनी ती आपणहून बोलत होती.

गोळ्या सुरू आहेत. काही दिवस बरे जातात, काही नाही. मीही दमलेय. मुलांनी मन मोकळं करावं म्हणून भाषणं देणारे आपण, दवाखान्यात त्यांच्याशेजारी बसायला मात्र लाजतो.

काल मयूरीचा फोन आला. "ताई, आईने भर गल्लीत ओरडून विचारलं, खाला, डाक्टरकडे धुळाले कवय जावानं, सोमवारले का मंगळवारले?"

"मग?"

"मग काय! समोरच्या काकू आल्या, डॉक्टर कोणते विचारत. त्यांच्या पोरीसाठी."

मी सोडून आले ते घर असं नव्हतं. या घरी मात्र मला जायचंय.