आतून फुंकलेला धूर

काचेच्या पेटीतला धूर माझं ऐकत नव्हता, आणि उद्या मेहकरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. लग्नात नवरानवरी येताना पायाशी ढग सोडतात, त्या फॉगमशीनवर माझी हयात गेली. शाळा चौथीपर्यंत, पण धुरातलं मला कोणी शिकवू नये.

माझ्या मंडपाच्या दुकानात तयार झालेली पोरं पांगली होती. पहिला गेला सलीम. त्याने रस्त्यापलीकडे लायटिंगचं दुकान टाकलं. बाकीचे त्याच्याकडे गेले. मी ठरवलं, हे काम एकट्याला जमलं तर दुकान चालवायचं, नाहीतर शटर खाली.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या इंगळे मॅडमना या पेटीत ताऱ्याचा जन्म दाखवायचा होता. "काका, थंड वायूचा ढग आकसतो, त्यात तारे होतात. मोठा तारा पेटला की त्याच्या उजेडानं, वाऱ्यानं भोवतालचा वायू तापून पांगतो. बहुतेक ढग तारा न होताच उडून जातो. तिथं मग नवे तारे होत नाहीत."

धूर म्हणजे ढग, बल्ब म्हणजे तारा. मी वरून टेबलफॅन लावला. सगळा धूर एका झपाट्यात गेला. स्पीड कमी केला, तर कोपऱ्यात जाऊन बसला.

"पोकळी बल्बापासून व्हायला पाहिजे. सलीमभाईला बोलावू?" मॅडमनी विचारलं.

"काऊन? मी मेलो का?"

तरी दुपारी सलीम आला. पेटी पाहून हसला. "काका, बाहेरून काय फुंकून राह्यले? चूल हाय का हे?"

"तू मले शिकवू नको बे."

"तुमीच शिकवलं, म्हनून बोलतो."

त्याने माशांच्या टाकीचा पंप आणला. पेटी उघडली, भरलेला धूर गेला. बल्बाखाली नळी बसवून पुन्हा धूर भरला आणि पंप लावला. बल्बाभोवती आधी लिंबाएवढी मोकळी जागा झाली, मग नारळाएवढी. पुसट बल्ब लख्ख दिसला.

"ज्याच्यात झाला त्यालेच उधळते हा," मी म्हणालो.

"न उधळता दिसणार कसा, काका? ढगातच झाकून राहील," मॅडम म्हणाल्या.

सलीम वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "दुकानात या. फॉगचं काम तुमीच पाहा."

"मी कोनाच्या दुकानात बसत नसतो."

प्रदर्शनात पेटीपुढे गर्दी झाली. नंतर मी ठरवल्याप्रमाणे दुकानाचं शटर खाली ओढलं. सलीम माझ्याकडे होता तेव्हा गिऱ्हाइकासमोर मीच उभा राहायचो, तो स्टेजमागे. एकदाही त्याला पुढे बोलावलं नाही.

धंद्यात असणाऱ्यांना एवढंच सांगतो. हवेची नळी धूर भरायच्या आधी बसवावी. नंतर बसवायची तर पेटी उघडावी लागते, आणि धूर हातात राहत नाही.