एक भारी भट्टी की रांगभर भट्ट्या

माझा मेहुणा चंदगडला काजूचा कारखाना चालवतो आणि मी कोल्हापुरात लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत नोकरी करतो. दोघांनीही चाळिशी ओलांडलेली. तरीही दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर चौकोनी ठोकळ्यांच्या जगाचा एक खेळ घालून दिला. खाणीतून खनिज काढायचं, भट्टीत वितळवायचं आणि त्या लोखंडातून यंत्रं बनवायची. मूळ खेळात एवढी यंत्रं नसतात. हौशी लोकांनी ती वरून जोडलेली असतात, त्याला मॉड म्हणतात. रविवारी दुपारी तो तिकडून आणि मी इकडून एकाच जगात उतरायचो.

लवकरच लोखंड कमी पडायला लागलं आणि आमची तत्त्वं बाहेर पडली. माझं म्हणणं, भट्टी एकच ठेवायची, पण ती सुधारत न्यायची. फाउंड्रीत मी नव्या लोकांना हेच शिकवतो, म्हणून फोनवर त्यालाही शिकवलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तेवढ्या वेळात आणखी भट्ट्या मांडल्या.

"दाजी, एक बंद पडली तर बाकीच्या चालत्यात की," तो म्हणाला.

माझी भट्टी सुधारायला पोलाद हवं होतं. पोलादाला वेगळं यंत्र, त्या यंत्राला तांब्याची तार, तारेला आणखी एक यंत्र. या सगळ्याला लोखंड लागायचं आणि माझी भट्टी तर सुधारणेसाठी खोलून ठेवलेली. मग मी त्याच्या भट्ट्यांतलं लोखंड घ्यायचो आणि घेताघेता त्याची पद्धत कशी चुकीची आहे ते त्याला समजावायचो.

उन्हाळ्यात माझी भट्टी एकदाची तयार झाली. मी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. साठलेलं सगळं खनिज तिनं एका दमात खाल्लं आणि ती गप्प बसली, कारण खाणीला तो वेग झेपत नव्हता. मेहुणा भला माणूस, हसला नाही. मी म्हणालो, खाण सुधारू. तो म्हणाला, खाणी वाढवू, आणि वाढवल्याही. मग त्याच्या खाणी-भट्ट्यांच्या ओझ्यानं माझा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. खेळात मी पाऊल उचलायचो आणि चहा पिऊन येईपर्यंत ते खाली टेकत नसे.

त्याच सुमारास बायको मागं येऊन उभी राहिली. एवढं लोखंड कशाला, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, भट्टी सुधारायला. तिनं फोनवर भावाला विचारलं, तर तो म्हणाला, भट्ट्या वाढवायला.

"आणि तुम्ही दोघं राहताय कुठं?"

खेळातली आमची माणसं उघड्यावर पावसात उभी होती. घर बांधायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिनं मला खुर्चीवरून उठवलं. एकही यंत्र न लावता झाडं तोडली, लाकडाचं घर बांधलं, आत पलंग टाकले, दारापुढं बटाटे लावले. भट्ट्यांचा आवाज फार होतो म्हणून भावाला रांग मोडायला सांगितली. माझं एकही तत्त्व न ऐकलेल्या त्या माणसानं ती मुकाट्यानं मोडली. माझी भट्टीही तिनं काढून टाकली आणि स्वयंपाकघरात एक साधी मांडली.

परवा मेहुण्याचा फोन आला. आवाज बारीक होता. घरामागं एक लहानशी भट्टी मांडली तर चालंल काय, एवढं ताईला विचारा म्हणाला. मी विचारलं. ती खेळातल्या त्या साध्या भट्टीत बटाटे भाजत होती, बघू म्हणाली.